हार्ड डिस्क राउटरला लावली आणि स्वयंपाकघरातलं वायफाय बसलं

सांगलीच्या घरी बाबांच्या सव्वाशे कॅसेट आहेत. नाट्यसंगीत, गल्लीतल्या गणेशोत्सवात झालेली कीर्तनं, आणि दोन कॅसेटवर आजोबांचा आवाज. वर्षभर बसून मी त्या सगळ्यांच्या फाइली केल्या, एका छोट्या हार्ड डिस्कवर भरल्या आणि दिवाळीला घरी गेलो तेव्हा ती डिस्क हॉलमधल्या राउटरच्या मागच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावली. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन-तीन गोष्टी चालू केल्या आणि टीव्हीवर कॅसेटची अख्खी यादी दिसायला लागली. बाबांनी रिमोट घेतला आणि सगळ्यात आधी आजोबांचं कीर्तन लावलं.

मी पुण्याला परत आलो आणि तिसऱ्या दिवशी आईचा फोन. “अरे, ताईशी व्हिडिओ कॉल धड होत नाहीये. रेंज तर पूर्ण दाखवतंय, पण तिचा चेहरा मध्येच थिजतो आणि आवाज तुटतो.” आई बोलते स्वयंपाकघरातून, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये दोन भिंती. नेटवाल्यांचा मुलगा आला, त्याने वायफायचा चॅनल, म्हणजे ते ज्या वारंवारतेवर चालतं ती, बदलून दिला. फरक नाही. दुसऱ्या खेपेला त्याने राउटरच बदलला. त्यानंतर दोन दिवस सगळं सुरळीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. मग फोनवर बोलता बोलता बाबा म्हणाले की नवीन राउटरला डिस्क लावायची राहिली होती, ती काल लावली. मी म्हटलं, बाबा, ती आत्ता काढून बघा. त्यांनी काढली. पलीकडून आई म्हणाली, “हं, दिसली गं ताई!”

डिस्क चांगली होती. राउटर चांगला होता. नेटचं कनेक्शनही चांगलं होतं. तरीही तिन्ही एकत्र आल्यावर वायफाय बसत होतं. हे अनेक घरांत होत असतं आणि दोष मात्र नेट कंपनीला, राउटरला नाहीतर जाड भिंतींना दिला जातो. म्हणून आत नेमकं काय घडतं ते नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

ज्यांच्या घरी मीडियम वेव्हवर लागणारा ट्रान्झिस्टर होता त्यांना हा प्रकार नवा नाही. आकाशवाणीच्या बातम्या चालू असताना आईने मिक्सर फिरवला की रेडिओतून खरखर यायची. मिक्सरला रेडिओशी काही देणंघेणं नव्हतं, पण त्याच्या मोटरीत उडणाऱ्या ठिणग्यांमधून रेडिओलहरी बाहेर पडायच्या आणि त्या स्टेशनच्या लहरींवर स्वार व्हायच्या. वीज झपाट्याने चालू-बंद झाली की लहरी निर्माण होतातच. फक्त ती किती वेगाने चालू-बंद होते, यावर त्या लहरी कुठल्या पट्ट्यात पडणार ते ठरतं.

आता यूएसबी ३.० बघू. हे तंत्र २००८ च्या अखेरीस आलं. त्याचं पोर्ट ओळखायचं तर आतली जीभ बहुतेक वेळा निळी असते आणि जुन्या यूएसबीच्या ४ संपर्कांऐवजी त्यात ९ असतात. पुढे याच वेगाला ३.१ जनरेशन १ आणि ३.२ जनरेशन १ अशी नावं मिळाली, त्यामुळे खोक्यावर यातलं काहीही छापलेलं असू शकतं, वस्तू तीच. यात तारेवरून सेकंदाला ५०० कोटी बिट धावतात, म्हणजे ५ गिगाबिट. बिट म्हणजे शून्य किंवा एक, म्हणजेच तारेवरचा विजेचा दाब खाली किंवा वर. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक लाट होते. सेकंदाला ५ अब्ज बिट असतील आणि ते एकाआड एक वर-खाली होत असतील, तर सेकंदाला अडीच अब्ज लाटा झाल्या. म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ.

आणि घरचं साधं वायफाय चालतं २.४ गिगाहर्ट्झवर. अगदी शेजारी.

प्रत्यक्षात बिट इतके शिस्तीत वर-खाली होत नाहीत. उलट, एकाच वारंवारतेवर ऊर्जा साचू नये म्हणून यूएसबी ३.० मध्ये बिट मुद्दाम पिसले जातात, पत्ते पिसावेत तसे. त्यामुळे या नकोशा लहरींचा गोंगाट एका टोकदार शिट्टीसारखा न राहता थेट तळापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो, पावसाच्या आवाजासारखा. ५ गिगाहर्ट्झच्या ठिकाणी तो जवळपास शून्यावर येतो. २.४ चा पट्टा मात्र त्या पावसात पूर्ण भिजतो.

तार आणि पोर्ट यांच्यावर धातूचं वेष्टण असतं आणि ते नीट असेल तर हा गोंगाट बराचसा आतच राहतो. गडबड होते ती सांध्यांवर. स्वस्त केबलमध्ये तारेची जाळी प्लगच्या पत्र्याला सगळीकडून डाखलेली नसते, एका कोपऱ्यात चिकटवलेली असते. पोर्टच्या पत्र्याला फटी असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, आणि तिचा पाव हिस्सा म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. पाव लाटेइतक्या लांबीची कुठलीही धातूची पट्टी किंवा फट चांगला अँटेना होऊ शकते. यूएसबीचे प्लग, पोर्ट आणि सुटी टोकं नेमकी याच मापाची असतात. कोणी ठरवून केलेलं नाही, पण मापं जुळून आली आहेत.

इंटेल कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये यावर मोजमापांसह एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढतो, असं त्यात दिसलं. त्यांनी बिनतारी माऊसवरही प्रयोग केला होता. लॅपटॉपला माऊसचा छोटा डोंगल आणि त्याच्या शेजारच्या पोर्टला यूएसबी ३.० चा पेनड्राइव्ह लावला की माऊस अडखळतो, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. तो माऊसही २.४ वरच चालतो.

२० डेसिबल हा आकडा ऐकायला लहान वाटतो. डेसिबलचा हिशोब असा: दर १० डेसिबलला दहापट. म्हणजे २० डेसिबल म्हणजे शंभरपट. गोंगाट शंभरपट झाला तर मोकळ्या मैदानात वायफायचा पल्ला एक दशांशावर येतो. घरात भिंती असल्याने गणित वेगळं पडतं, पण कुठल्या प्रमाणात नुकसान होतंय याची कल्पना यावी.

आमच्या स्वयंपाकघराचंच उदाहरण घेतो. राउटरच्या आत जो स्वाभाविक खरखराट असतो तो साधारण उणे ९५ डीबीएम (लहरींची ताकद मोजायचं डेसिबलमधलं माप; शून्याच्या जेवढं खाली, तेवढी ताकद कमी). आईच्या फोनचा आवाज दोन भिंती ओलांडून राउटरपर्यंत पोचतो तेव्हा तो, समजा, उणे ७० उरतो. दोघांत २५ चं अंतर. एवढ्या अंतरात व्हिडिओ कॉल मजेत होतो. आता डिस्क लावली. खरखराट २० ने चढून उणे ७५ वर आला. फोनचा आवाज तेवढाच आहे, उणे ७०. अंतर राहिलं ५. एवढ्यात जेमतेम मेसेज जातील, चेहरा थिजेल.

आणि आता फोनवर रेंज दाखवणाऱ्या त्या पूर्ण भरलेल्या कांड्यांचं कोडं. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथेच सगळे फसतात.

पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. गिरणीवाला चालू चक्कीच्या शेजारी उभा आहे. तो दारातल्या गिऱ्हाइकाला ओरडून विचारतो, “जाड की बारीक?” गिऱ्हाइकाला ते ऐकू येतं, कारण तो चक्कीपासून लांब आहे आणि गिरणीवाल्याचा आवाजही मोठा आहे. गिऱ्हाईक म्हणतो, “बारीक.” गिरणीवाल्याला काही ऐकू येत नाही, चक्की त्याच्या कानाशी आहे. तो पुन्हा विचारतो. पुन्हा विचारतो.

राउटर म्हणजे तो गिरणीवाला आणि डिस्क म्हणजे ती चक्की. डिस्कचा गोंगाट फार दूर जात नाही, पण राउटरचा अँटेना तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. फोनवरच्या कांड्या फक्त एवढंच सांगतात की फोनला राउटर किती नीट ऐकू येतो. राउटरला फोन ऐकू येतो का, हे त्या कांड्यांना कळतच नाही. त्यातून फोनला बॅटरी जपायची असल्याने तो राउटरपेक्षा हळू आवाजात बोलतो.

वायफायमध्ये दर तुकड्याला पोच द्यावी लागते. राउटरने माहितीचा एक तुकडा पाठवला की फोनने “मिळाला” असं कळवायचं. ती पोच राउटरला ऐकू आली नाही, तर तो तोच तुकडा पुन्हा पाठवतो, मग आणखी सावकाश पाठवतो. म्हणूनच आईला ताईचं चित्रसुद्धा थिजलेलं दिसायचं. वरवर पाहता ते चित्र तर राउटरकडून फोनकडे येतंय, मग का अडावं? पोच पोचत नव्हती म्हणून.

चॅनल बदलून का भागलं नाही तेही यावरून कळतं. २.४ चा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. त्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांच्या अंगावर न येता बसतात. शेजाऱ्याचं वायफाय ६ वर असेल तर आपण ११ वर गेलो की सुटका होते. ब्लूटूथसुद्धा गर्दी दिसली की उड्या मारत जागा बदलतं. पण यूएसबी ३.० चा गोंगाट पावसासारखा सगळीकडे पडतो. १ वर, ६ वर, ११ वर, सारखाच. चॅनल बदलून काडीचा फरक पडत नसेल आणि राउटरला डिस्क असेल, तर आधी डिस्कवर संशय घ्या.

आणखी एक चकवा असा की गोंगाटाला फाइल कॉपी होण्याची गरज नसते. डिस्क आणि राउटर एकमेकांशी जागे असले की मधल्या तारेवर रिकाम्या वेळातही पिसलेले बिट धावत राहतात, जोडणी जिवंत ठेवण्यासाठी. काही डिस्क थोड्या वेळाने ही जोडणी झोपवतात आणि मग वायफाय अचानक सुधारतं. म्हणून ही तक्रार येते-जाते, आणि बघायला माणूस आला की नेमकी गायब असते. आमच्याकडच्या त्या मुलाचा यात काही दोष नव्हता. त्याला हे कोणी शिकवलेलंच नसतं.

खात्री करायची तर लॅपटॉप त्रासाच्या खोलीत न्या, २.४ च्या वायफायला जोडा आणि राउटरच्या पत्त्याला पिंग लावून ठेवा, म्हणजे लॅपटॉप राउटरला पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पोटावर छापलेला सापडेल. डिस्क काढून दोन मिनिटं आकडे बघा, लावून दोन मिनिटं बघा. निरोगी वायफायवर आकडा काही मिलिसेकंदांत राहतो. डिस्क लावल्यावर तो शंभर-दोनशेवर उड्या मारायला लागला, किंवा मध्येच उत्तरच आलं नाही, तर चोर सापडला. इंटरनेटच्या वेगाची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात घराबाहेरच्या रस्त्याचाही दोष मिसळतो. पिंग फक्त लॅपटॉप ते राउटर एवढंच मोजतं.

उपायांत मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे यूएसबी ३.० चा हट्ट सोडणं. ऐकायला उलटं वाटेल. ५ गिगाबिटची डिस्क घेतली आणि तिला जुन्या ४८० मेगाबिटच्या यूएसबी २.० वर चालवायची? हो, कारण यूएसबी २.० वर सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट सहज निघतात. टीव्हीवर ४के सिनेमा चालवायला साधारण २५ मेगाबिट, म्हणजे ३ मेगाबाइटच्या आसपास लागतात. गाण्यांना तर त्याचाही अंश पुरतो. घरचं २.४ चं वायफाय स्वतःच एवढं वेगवान नसतं की यूएसबी २.० त्याला कमी पडावं. फरक जाणवेल तो फक्त कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडून शेकडो गिगाबाइट हलवताना.

२.० वर आणायचं कसं? राउटरला काळी जीभ असलेलं दुसरं पोर्ट असेल तर डिस्क तिथे लावा. काही राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी ३.० चा गोंगाट कमी करण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की पोर्ट २.० च्या वेगाने चालतं. दोन्ही नसेल तर मध्ये यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल घाला. तिच्यात ३.० च्या जादा तारा नसतातच, त्यामुळे डिस्क आपोआप २.० वर येते. आम्ही हेच केलं. एक मीटरची काळी केबल घेतली, त्यामुळे डिस्क टीव्हीखालच्या खणात गेली आणि अँटेनापासूनही लांब झाली.

केबल घेताना एक काळजी मात्र घ्या. छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती पोर्टमधूनच वीज ओढते. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. डिस्कची तबकडी पहिल्यांदा फिरायला लागते तेव्हा तिला जास्त वीज लागते. केबल लांब आणि बारीक असेल तर वाटेत दाब घटतो, डिस्क टिकटिक करते आणि पुन्हा पुन्हा बंद-चालू होते. तो आवाज आला तर लगेच काढा, नाहीतर डिस्क जाईल. जाड, आखूड केबल घ्या, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा.

वेग हवाच असेल आणि ३.० वरच राहायचं असेल, तर चांगल्या वेष्टणाची केबल वापरून डिस्क राउटरपासून निदान एक मीटर लांब ठेवा. याने त्रास कमी होतो. पूर्ण जातोच असं नाही, कारण राउटरवरच्या पोर्टमधूनही गळती होत असते.

दुसरी वाट म्हणजे फोन आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर नेणं. भारतात ते ५.१५ गिगाहर्ट्झच्या पुढे चालतं आणि वर सांगितल्याप्रमाणे यूएसबी ३.० चा गोंगाट ५ पाशी ओसरलेला असतो. हॉलमधल्या टीव्हीला हे उत्तम. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दमतं, म्हणून आमच्या स्वयंपाकघराला ते पुरलं नाही. शिवाय स्वस्त स्मार्ट बल्ब, प्लग, दाराचा कॅमेरा ही मंडळी बहुधा फक्त २.४ च जाणतात, त्यांना हलवता येत नाही.

डिस्क राउटरला लावणारच असाल तर आणखी दोन गोष्टी. डिस्क कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे ते बघा. फॅट ३२ मध्ये ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. शिवाय फॅट ३२ आणि एक्सफॅट या पद्धतींत लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलींची यादी बिघडण्याची भीती जास्त. एनटीएफएस आणि एक्स्ट ४ आधी नोंद करून मग लिहितात, त्यामुळे त्या जास्त सावरून घेतात. मात्र राउटर त्यांना ओळखतो ना ते बघून घ्या. लाइट वरचेवर जाते तिथे राउटरला छोटा यूपीएस लावतात, त्यावर आता डिस्कचाही भार पडणार आहे हे लक्षात ठेवा. आणि डिस्क काढताना राउटरच्या पानावरून आधी ‘काढा’ म्हणा, मग हात लावा.

दुसरी गोष्ट: डिस्क घराबाहेरून उघडण्याची सोय बंद ठेवा. फेब्रुवारी २०१४ मध्ये आसुस कंपनीच्या राउटरना लावलेल्या १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या डिस्कपर्यंत बाहेरचे लोक पोचले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीने तडजोड केली. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, त्याचा मूळ पासवर्ड बदला, आणि बाहेरून फाइली बघण्याचे पर्याय लागत नसतील तर सगळे बंद करा. विंडोजवर डिस्क दिसत नाही म्हणून एसएमबी १ ही नेटवर्कवरून फाइली उघडण्याची जुनी पद्धत चालू करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती असुरक्षित ठरली म्हणून २०१७ पासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळात बंद येते. राउटर नवी पद्धत जाणत नसेल तर डिस्क फक्त टीव्हीसाठी वापरा.

सांगलीची डिस्क आता खणात असते. बाबा संध्याकाळी नाट्यगीतं लावतात, त्याच वेळी आई आत ताईशी बोलते. राउटरला लावलेली एकच डिस्क म्हणजे काही जपणूक नव्हे, म्हणून आजोबांच्या दोन कॅसेटच्या फाइली मी वेगळ्या डिस्कवर पुण्याला आणल्या आहेत, आणि तिसरी प्रत ताईला पाठवली आहे.